पहिले तिघे पॅक

टेबल नऊ जणांचं आहे, लोखंडी पायांचं,
पेपर मिल बंद झाली तेव्हा कँटीनमधून उचलून आणलेलं.
आता सहा जण बसतो. कधी पाच.
बाहेर आखात गोठलेलं, दुपारी तीनलाच अंधार,
आणि डावात लावायला जुने पेन्नी,
ज्यांचं फिनलंडभर कुठल्याच दुकानात
आता काडेपेटीसुद्धा येत नाही.

पहिला हिवाळा मी एक्क्यांची वाट बघत काढला.
वडिलांनी तसंच शिकवलेलं:
मोठी जोडी असावी, नाहीतर एक्का-राजा,
नाहीतर पानं टाकून कॉफी प्यावी.
मी पुष्कळ कॉफी प्यायलो.
आणि ब्लाइंड फिरून फिरून माझ्यापाशी येत राहिला,
मीटर वाचायला येणाऱ्या माणसासारखा.
एक नाणं. दोन नाणी. जरा श्वास घ्यावा तर पुन्हा एक.
थेंबे थेंबे तळं आटतंही,
हे म्हणीत कुणी सांगून ठेवलेलं नाही.

राकेल हसली नाही.
ती मिलमध्ये क्रेन चालवायची,
वीस टनांचा रोल अंड्यासारखा खाली टेकवायची.
तिने खाकी कागद पसरला,
पेन्सिलीने घरं आखली, तेरा आडवी, तेरा उभी.
कर्णावर जोड्या, वर एका रंगाची पानं, खाली दोन रंगांची.
काही घरं काळी केली. काही अर्धी.
म्हणाली, पाढ्यांसारखं पाठ कर.
मग ज्या दिवशी कुणी दारू पिऊन वेड्यासारखं खेळत असेल,
त्या दिवशी विसर.

पहिल्यांदा बोलायची पाळी तुझी, आणि हातात राजा-गुलाम,
रंग वेगळे? फोटोत छान दिसतील. टाक.
एक्क्याबरोबर चव्वी, रंग वेगळा?
एक्का बघून पाघळू नकोस. टाक.
बारक्या जोड्या ठेव, पण त्यांच्यावर जीव लावू नकोस.
बटण तुझ्यापुढे आलं की मात्र हात सैल सोड:
इस्पिकची सत्ती-अठ्ठी घे,
राणी-नव्वी घे,
राजाच्या बाजूला कोण उभं आहे याची फार चौकशी करू नकोस.
शेवटी बोलणाऱ्याने
सगळ्यांचं ऐकलेलं असतं.

मी म्हटलं, इतकी हलकी पानं?
ती खुर्ची मागे सारून उठली,
भिंतीला लावलेल्या तीन खुर्च्यांपाशी गेली,
एकेकीच्या पाठीवर थाप मारली.
समज, नऊच जण बसलेत.
पहिले तिघे पॅक झाले.
एवढंच. बाकी काही बदललेलं नाही.

पहिली खुर्ची एन्सिओची,
जो थाप मारताना कानातलं यंत्र बंद करायचा,
म्हणून सगळ्यांना कळायचं.
दुसरी आउनेची. ती लेकीकडे ओउलूला गेली,
नाताळला कार्ड पाठवते, त्यावर फक्त सही.
तिसरीवर माझे वडील बसत.
त्यांनीही आपली पानं पालथीच ठेवली,
काय धरून बसले होते
ते कुणाला दाखवलं नाही.

तो कागद मी सहा आठवडे खिशात वागवला.
घड्यांवर घरं झिजली.
मार्चमध्ये पहिल्यांदा मी राणी-नव्वीवर वाढवलं
आणि सगळे मुकाट्याने पॅक झाले. अकरा पेन्नी.
घरी जाताना बर्फावर मी दोनदा घसरलो, तरी बरं वाटत होतं.

काल वादळ होतं. राकेल आली आणि मी. बस.
दोघंच असलो तर काय खेळायचं, मी विचारलं.
ती पत्ते पिसत राहिली.
जवळजवळ सगळंच, म्हणाली. नाहीतर आलास कशाला?

बटण माझ्यापुढे. पानं उचलली:
किलवरची दश्शी, बदामाची तिर्री.
कागद उघडून ते घर शोधलं.
बरोबर तिथेच घडी पडलेली,
काळं होतं की कोरं, दिसेना.

राकेल थर्मासचं झाकण फिरवत होती, माझ्याकडे न बघता.
मी नाणी मोजली
आणि पुढे सरकवली.